‘अपील करावे किंवा कसे’: पाझर तलावाच्या चौदा दाव्यांचं प्रकरण

हे प्रकरण सोलापूर जिल्ह्यातल्या एका पाझर तलावाच्या भूसंपादनाचं आहे. तेव्हा मी सरकारच्या बाजूने दिवाणी कामं पाहणारा सहायक सरकारी वकील होतो आणि माझं त्या कामातलं अकरावं वर्ष चालू होतं. गाव, गट नंबर आणि क्षेत्र बदललं आहे. हिशेब कळावा म्हणून रकमा गोल केल्या आहेत. कार्यालयांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. जिथे माझी चूक होती तिथे ती माझीच म्हणून लिहिली आहे.

पार्श्वभूमी

२००३ साली सोलापूर भागात दुष्काळ होता. रोजगार हमीची कामं काढायची होती आणि गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाची जागा पाहून ठेवलेली होती. रीतसर भूसंपादन करायचं तर अधिसूचना, मोजणी, हरकती, निवाडा (म्हणजे मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) यात दोन-तीन वर्षं सहज जातात. लोकांना काम तर त्याच महिन्यात हवं होतं. म्हणून नेहमीचा मार्ग काढला गेला: शेतकऱ्यांकडून संमतीपत्रं लिहून घेतली, खाजगी वाटाघाटीने ताबा घेतला आणि खोदाई सुरू झाली. मोबदल्याचं मागाहून बघू, असं ठरलं.

तलाव झाला आणि पुढच्या चांगल्या पावसात भरलाही. कागद मात्र मागे राहिले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखालची कलम ४ ची, म्हणजे जमीन घ्यायची असल्याची पहिली, अधिसूचना निघाली २००७ मध्ये, निवाडा झाला २००९ मध्ये. जमीन सगळी जिरायत धरून हेक्टरी ७५ हजार दर लावला होता. चौदा खातेदारांनी हरकत राखून पैसे उचलले आणि कलम १८ खाली वाढीव मोबदल्यासाठी अर्ज केले. त्यांचं एकूण क्षेत्र ३२ हेक्टर. इतर काही जणांनी काहीच केलं नाही, मिळालं ते घेतलं.

हे दावे नऊ वर्षं कोर्टात राहिले. त्यात तीन सरकारी वकील बदलले, तिसरा मी. मधल्या काळात २०१३ चा नवा कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि गावात ‘आता चारपट मिळणार’ अशी हवा झाली. निवाडा जुन्या कायद्याखाली आधीच झालेला असल्यामुळे या शेतकऱ्यांना नव्या कायद्याचा उपयोग नव्हता. हे मी कोर्टाच्या व्हरांड्यात चारदा तरी समजावून सांगितलं असेल. समोरच्या पक्षकाराला कायदा समजावणं हे माझं काम नव्हे, पण विचारणारी माणसं आजोबांच्या वयाची असली की तोंड बंद ठेवणं जमत नाही.

निकाल आणि त्यातला हिशेब

२०१८ च्या जूनमध्ये निकाल लागला. कोर्टाने हेक्टरी २ लाखांचा दर दिला. दर कसा आला, ते पुढच्या सगळ्याचं मूळ असल्यामुळे थोडं थांबून सांगतो.

शेतकऱ्यांनी शेजारच्या गावांतली तीन खरेदीखतं दाखल केली होती. त्यातलं एक गावठाणालगतच्या वीस गुंठ्यांचं होतं, दर भलताच चढा. न्यायाधीशांनी ते बाजूला ठेवलं. उरलेल्या दोन खतांवरून, अंतर आणि मोठ्या क्षेत्रासाठी वजावट करून, २ लाख काढले. आमच्याकडून पुरावा काय? भूसंपादन कार्यालयातला एक कर्मचारी साक्षीला आला आणि निवाड्यात लिहिलंय तेच त्याने वाचून दाखवलं. निवाडा म्हणजे सरकारने देऊ केलेली किंमत, पुरावा नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये चिमणलाल हरगोविंददास या पुण्याच्याच एका संपादनाच्या प्रकरणात सविस्तर सांगितलं आहे. त्या निकालातले मुद्दे भूसंपादनाचं काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाला पाठ असतात. असायला हवेत.

आता हिशेब. हेक्टरी १ लाख २५ हजारांची वाढ, ३२ हेक्टर, म्हणजे ४० लाख. त्यावर ३० टक्के दिलासा रक्कम (जमीन सक्तीने घेतल्याबद्दलची), १२ लाख. कलम २३(१अ) चा वर्षाला १२ टक्के घटक, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत दोन वर्षं, ९ लाख ६० हजार. बेरीज ६१ लाख ६० हजार. इथपर्यंत कोणाला घाम फुटायचं कारण नाही.

घाम फुटतो तो कलम २८ च्या व्याजाने. ताब्यापासून पहिलं वर्ष ९ टक्के, पुढे पैसे कोर्टात भरेपर्यंत १५ टक्के. दिलासा रकमेवरही व्याज द्यावं लागतं, हे ‘सुंदर’ प्रकरणात २००१ साली घटनापीठाने ठरवून टाकलं. कोर्टाने ताबा २००३ चा धरला. पंधरा वर्षांचं व्याज झालं १ कोटी ३५ लाखांच्या आसपास. मूळ रकमेच्या दुपटीहून जास्त. एकूण देणं १ कोटी ९६ लाख आणि पुढे रोजचे साधारण २,५३१ रुपये वाढत जाणार.

हा रोजचा आकडा मी निकालाच्या दिवशी काढला नव्हता. दोन महिन्यांनी काढला.

पहिला निर्णय, जो मी टाळला

निकाल लागला की सरकारी वकिलाने नक्कल मागवायची आणि अभिप्राय पाठवायचा, ही पद्धत आहे. अभिप्रायात एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: अपील करण्यासारखं आहे का? तो कागद भूसंपादन कार्यालयाकडे, तिथून संपादन संस्थेकडे (जिच्यासाठी जमीन घेतली तिच्याकडे), मग वर विभागाकडे, विधि व न्याय विभागाकडे आणि मान्यता आली तर हायकोर्टातल्या सरकारी वकिलांकडे जातो. हायकोर्टात अपिलाची मुदत ९० दिवस. नकलेला लागलेले दिवस त्यात मोजत नाहीत. आमची मुदत ५ ऑक्टोबरपर्यंत येत होती.

नक्कल ७ जुलैला हातात आली. १० जुलैला मी अभिप्राय पाठवला. पावणेदोन पानं निकालाचा सारांश आणि शेवटी हे वाक्य: ‘सबब वरील बाबी विचारात घेऊन अपील दाखल करणेबाबत शासनस्तरावर उचित निर्णय व्हावा.’

या वाक्यात काही नाही. ते मीही जाणून होतो. माझं खरं मत असं होतं की दरावर अपील टिकणार नाही, कारण आमच्या बाजूने पुरावाच नाही. पण ‘अपील करण्यायोग्य नाही’ असं दोन कोटींच्या प्रकरणात लिहिलं की लोक निकालाकडे बघत नाहीत, लिहिणाऱ्याकडे बघतात. लेखापरीक्षणात मुद्दा निघतो, कोणीतरी तक्रार करतं, ‘वकील समोरच्यांना मिळाला का?’ असा प्रश्न येतो. उलट ‘अपील करा’ लिहिलं तर कोणी विचारत नाही, हरलो तरी नाही. आमच्या कामात अपील ही पावती असते: आम्ही प्रयत्न केला, याची. त्या दिवशी मला लिहायचं होतं ‘नाही’, लिहायची सवय होती ‘हो’, आणि लिहिलं दोन्ही नाही ते.

२० ऑगस्टला कागद परत आला. वर लाल शाईत एकच ओळ: ‘अपील करावे किंवा कसे, स्पष्ट अभिप्राय द्यावा.’ मधले ४१ दिवस तो तीन टेबलांवर फिरला होता आणि प्रत्येक टेबलाने त्याला पुढच्या टेबलाचा रस्ता दाखवला होता. त्यांना नावं ठेवायला मला तोंड नव्हतं. मी स्वतः तेच केलं होतं.

फाइलची शेवटची पानं

दुसऱ्यांदा अभिप्राय लिहायला बसलो तेव्हा फाइल पहिल्या पानापासून नव्हे, शेवटून चाळली. ही सवय कोर्टातल्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी लावलेली. ते म्हणायचे, वकील निकाल वाचतात, फाइल वाचत नाहीत. पान १८७ वर एक संमतीपत्र होतं. अर्ध्या फुलस्केपवर, निळ्या शाईत, कोणीतरी तलाठी कार्यालयात बसून लिहिलेलं: ‘रोहयोच्या कामासाठी माझे गटातील जमीन देण्यास माझी हरकत नाही. मोबदला नियमाप्रमाणे मागाहून मिळावा.’ खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, थोडा पसरलेला, आणि मे २००३ ची तारीख.

तारीख पाहिली आणि लक्षात आलं. अधिसूचना २००७ ची. ताबा तिच्या चार वर्षं आधीचा, कायद्याखाली न घेतलेला. अशा ताब्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आर. एल. जैन प्रकरणात सांगितलेलं आहे की अधिसूचनेपूर्वीच्या काळाचं या कायद्याखालचं व्याज मिळत नाही. तेवढ्या काळासाठी जमीनमालकाला भाडं किंवा वापराची भरपाई मागता येते. म्हणजे चार वर्षांचं १५ टक्क्यांनी व्याज, जवळपास ३७ लाख, कायद्यात बसत नव्हतं.

आणि मी या मुद्द्यावर कोर्टात एक शब्द बोललो नव्हतो. अंतिम युक्तिवादात दरावर चाळीस मिनिटं बोललो, त्या वीस गुंठ्यांच्या खरेदीखताची चिरफाड केली, न्यायाधीशांनीही मान डोलावली. व्याजाचा विषय ‘तो काय, कायद्याने मिळतोच’ म्हणून सोडून दिला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, सगळ्यावर अपील. संपादन संस्थेला हेच हवं होतं. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ज्यांनी कलम १८ चा अर्ज केला नव्हता ते खातेदार कलम २८अ खाली, कोर्टाच्या निवाड्यापासून तीन महिन्यांत, याच दराने मोबदला मागू शकतात. म्हणजे दर मान्य केला तर तो चौदा जणांपुरता राहत नाही. पण दरावर मांडायला आमच्याकडे काय होतं? रेडीरेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. आणि स्वतःचाच निवाडा. अपील चार-सहा वर्षं चालणार आणि रोजचे अडीच हजार चालूच.

दुसरा, काहीच न करता पैसे भरून टाकायचे. स्वच्छ मार्ग. पण ३७ लाख कायद्याने देय नाहीत हे कळल्यावर ‘द्या’ म्हणून लिहिण्याचा मला अधिकार नाही. ते माझे पैसे नाहीत.

तिसरा, फक्त व्याजाच्या तारखेपुरतं अपील आणि बाकीचे १ कोटी ५९ लाख लगेच कोर्टात भरणं. यात एक धोका होता. खालच्या कोर्टात न मांडलेला मुद्दा वर काढायचा. पण तारखा दोन्ही बाजूंना मान्य होत्या आणि प्रश्न निव्वळ कायद्याचा होता, म्हणून तो ऐकला जाईल असं वाटलं. दुसरा धोका कोर्टातला नव्हता, कार्यालयातला होता: ‘अर्धं अपील’ ही गोष्ट आमच्या व्यवस्थेत फारशी कोणी पाहिलेली नाही. टिपणीत ती कशी मांडायची इथपासून प्रश्न.

चौथाही एक होता आणि तो खरं तर सगळ्यात चांगला: शेतकऱ्यांच्या वकिलांशी बोलून लोकअदालतीत तडजोड. त्यांनी चार वर्षांचं व्याज सोडायचं, आपण बाकीचं तीन महिन्यांत द्यायचं. मी त्यांच्या वकिलांशी चहावर बोललोही. ते म्हणाले, “तुमच्याकडून सही करायला येणार कोण, ते सांगा. मी उद्या चौदाही जणांना घेऊन येतो.” मी दोन कार्यालयांत विचारलं. तडजोडीवर सही करायचे अधिकार आपल्याला आहेत असं सांगणारा कोणी भेटला नाही. खाजगी अशील चुकीचा असला तरी समोर बसून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतो. आमचा अशील म्हणजे टिपणी.

काय केलं

२७ ऑगस्टला दुसरा अभिप्राय गेला. या वेळी निष्कर्ष पहिल्याच ओळीत लिहिला: दरावर अपील करू नये, २००३ ते २००७ या काळातल्या व्याजापुरतं करावं, उरलेली रक्कम तात्काळ भरावी. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं की त्या चार वर्षांचं भाडं ठरवून द्यावं, कारण व्याज नाही म्हणताना कायदा भाडं मात्र देतो, आणि ते आपणहून दिलं नाही तर नवे दावे उभे राहतील. तिसऱ्या परिच्छेदात रोजचा २,५३१ चा आकडा, पेनाने अधोरेखित.

त्यावर संपादन संस्थेचं पत्र आलं: पूर्ण रकमेवर अपील व्हावं. मी उत्तर दिलं. त्यावर विचारणा आली, त्यालाही उत्तर दिलं. दरम्यान ५ ऑक्टोबर उलटून गेला. मान्यता डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, व्याजापुरतीच. भाड्याच्या परिच्छेदाबद्दल त्यात काही नव्हतं. कागद आमच्या कारकुनाबरोबर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेले (तेव्हा कोल्हापूरला सर्किट बेंच नव्हतं, ते ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं) आणि १४ डिसेंबरला अपिलं दाखल झाली. ७० दिवस उशिराने.

उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज लिहिताना मला २०१२ चा पोस्टमास्तर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया हा निकाल समोर ठेवावा लागला. सरकारची फाइल हळू चालते हे कारण आता पुरणार नाही, मुदतीचा कायदा सगळ्यांना सारखा, असं त्यात बजावलेलं आहे. पूर्वी, उशिराकडे उदारपणे पाहावं असं सांगणाऱ्या १९८७ च्या कातीजी प्रकरणानंतर, सरकारी वकील उशिराच्या अर्जात ‘प्रशासकीय प्रक्रियेमुळे’ एवढं लिहून मोकळे व्हायचे. मी तारीखवार तक्ता जोडला. त्यात १० जुलै ते २० ऑगस्टच्या ओळीपुढे ‘सरकारी वकिलांच्या अभिप्रायात स्पष्टता नसल्याने’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. आमच्या कार्यालयात दोघांनी ते काढायला सांगितलं. मी ठेवलं. काही फार शौर्याची गोष्ट नव्हती. तो कागद रेकॉर्डवर होताच, समोरच्या वकिलाने काढलाच असता.

बेलिफ आला तो दिवस

सरकारविरुद्धचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाने ठरवलेलं देणं, तीन महिने थकला की दरखास्तीचा, म्हणजे कोर्टामार्फत वसुलीच्या अर्जाचा, मार्ग मोकळा होतो. शेतकऱ्यांनी सप्टेंबरअखेरीस दरखास्ती दाखल केल्या होत्या. पैसे भरले गेले नव्हते, कारण अपिलाचा निर्णय होईपर्यंत निधी कोणी मागायचा हे ठरलं नव्हतं. माझा तिसरा परिच्छेद फाइलमध्ये अधोरेखित पडून होता.

जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, जप्तीचं वॉरंट निघालं. होम मैदानाकडचे रस्ते भरलेले, कार्यालयात निम्मी माणसं नंदीध्वजाच्या मिरवणुकीला गेलेली. सकाळी साडेअकराला फोन आला: “वकीलसाहेब, लवकर या. खुर्च्या मोजायलेत.”

मी पोचलो तेव्हा कोर्टाचा बेलिफ जप्तीची यादी करत होता. फिरती खुर्ची एक, लोखंडी टेबल दोन, संगणक संच तीन, त्यातला एक बंद. जीप दौऱ्यावर होती, किंवा तसं सांगितलं गेलं. बाहेर फाटकापाशी एक छोटा टेम्पो उभा होता आणि त्याच्या सावलीत पटक्यातले एक आजोबा कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावून खात बसलेले. बेलिफाने नाव सांगितलं तेव्हा ओळख पटली. पान १८७ वरचा अंगठा त्यांचा होता.

मी त्यांना म्हणालो, “आजोबा, आज नेऊ नका. उद्या कोर्टात आम्ही पैसे भरायची तारीख देतो.”

“तारीख तुमी लई दिल्या,” ते म्हणाले. रागाने नाही, सहज. “टेम्पो भाड्यानं आणलाय. रिकामा नेला तरी भाडं भरावंच लागतंय न्हवं?”

मग त्यांनी आपण होऊन २००३ चं सांगितलं. गावात काम नव्हतं, लोक पुण्याकडे निघाले होते, खोदाई कुठून सुरू करायची यावर घोळ चालला होता. “मीच म्हणलं, माझ्यातनं सुरू करा.” अपिलात आम्ही म्हणत होतो की त्या तारखेचा ताबा कायद्याने धरायचा नाही.

मला त्यावर काही बोलता आलं नाही. आजही कायदेशीर बाजू चूक होती असं मी म्हणणार नाही.

वॉरंटची अंमलबजावणी त्या दिवशी यादीवर थांबली. आमचा एक अधिकारी, वयाने तरुण, आला आणि त्याने विचारलं, “उद्या कोर्टात किती लिहून देऊ? मी सही करतो.” या सगळ्या प्रकरणात ‘मी सही करतो’ हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी लेखी हमी दिली: ४० लाख तीन आठवड्यांत, उरलेली वादाबाहेरची रक्कम व्याजासह ३१ मार्चच्या आत. न्यायाधीशांनी वॉरंट थांबवलं. टेम्पोचं भाडं कोणी दिलं हे मी विचारलं नाही.

शेवट काय झाला

पैसे फेब्रुवारी आणि मार्चमध्ये कोर्टात जमा झाले. हायकोर्टाने उशीर माफ केला, प्रत्येक अपिलामागे खर्च भरायला लावून. स्थगिती दिली ती फक्त चार वर्षांच्या व्याजापुरती, आणि तीसुद्धा बाकीची रक्कम भरलेली होती म्हणून. तीन वर्षांनी अपिलं मंजूर झाली: अधिसूचनेपूर्वीचं व्याज वगळलं, आणि त्या काळाचं भाडं मागायची शेतकऱ्यांना मोकळीक दिली.

कागदावर ३७ लाख वाचले. त्यातून उशिराचं व्याज वजा करा, अपिलांचा खर्च वजा करा, आणि भाडं, त्यावरच्या व्याजासह, जे द्यावंच लागणार आहे ते वजा करा. उरतं ते सांगायला मी कधी बसलो नाही. कलम २८अ चे अर्ज करणाऱ्यांना दर २ लाखांनीच मिळाला.

काय वेगळं करता आलं असतं

माझ्या त्या एका वाक्याचा हिशेब मी मांडला: ४१ दिवस, रोजचे २,५३१, म्हणजे १ लाख ४ हजार. एका सहकाऱ्याने लगेच खोडून काढलं: “पैसे मार्चशिवाय सुटलेच नसते. तू जुलैत लिहिलं असतंस तरी काय झालं असतं?” तो बरोबर असेल. पण जुलैत स्पष्ट लिहिलं असतं तर अपील मुदतीत गेलं असतं, एवढं तरी नक्की. उशिराचा अर्ज, त्यावरचा खर्च, तो तक्ता, हे काही लागलं नसतं.

त्याहून मोठी चूक युक्तिवादातली. ताब्याची तारीख आणि अधिसूचनेची तारीख शेजारी शेजारी लिहायला दोन मिनिटं लागली असती. पाझर तलाव म्हटलं की ताबा आधीचा असणार, हे सोलापुरात काम करणाऱ्या वकिलाला कोणी सांगायला लागू नये. १९७२ च्या दुष्काळापासून या जिल्ह्यात कामं अशीच निघत आली आहेत. आता मी प्रत्येक रेफरन्सच्या, म्हणजे कलम १८ च्या अर्जाच्या, फाइलवर, आतल्या बाजूला, पेन्सिलने चार तारखा लिहितो: ताबा, कलम ४, निवाडा, अर्ज. आपली कैफियत वाचायच्या आधी.

पुराव्याचं तर बोलायलाच नको. दर वाढू नये असं वाटत होतं तर आम्ही स्वतः खरेदीखतं काढायला हवी होती, त्या गावच्या तलाठ्याला पीकपाण्याच्या नोंदींसह साक्षीला आणायला हवं होतं. तीन वकील बदलले आणि प्रत्येकाला वाटलं ते आधीच्याने केलं असेल.

भाड्याबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. मी अभिप्रायात लिहिलं, मान्यतेत ते आलं नाही, आणि मी गप्प बसलो. वकिलाने अशिलाच्या धोरणात किती शिरायचं? सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७३ मध्ये सरकारने सामान्य फिर्यादीसारखं न वागता प्रामाणिक पक्षकारासारखं वागावं असं म्हटलं होतं, आणि ते वाक्य आम्ही सगळे भाषणांत वापरतो. बेलिफाच्या दुसऱ्या दिवशी, तो तरुण अधिकारी सहीला तयार असताना, हमीपत्रात भाड्याचीही एक ओळ घालायला हवी होती. माझ्या डोक्यात ती आली होती. आज एवढं मिळतंय ते हातचं जायला नको, म्हणून नाही घातली.

शेतकऱ्यांनी भाड्याचे अर्ज केले. आजोबा आता नाहीत, त्यांच्या मुलाने अर्ज दिला. संबंधित कार्यालयाने प्रत्येक अर्जदाराला पत्र पाठवलं: ‘ताबा २००३ मध्ये दिल्याबाबतचा पुरावा सादर करावा.’ आणि मला वेगळं: ‘ताब्याचा दिनांक कोणता धरावा किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’

मी एका ओळीत उत्तर दिलं. आपल्याच फाइलचं पान १८७ पाहावं.